नुसतं बघायला

॥ श्री ॥

नागाव, ता. ६ नोव्हेंबर १९३३

चि. मोरू यास अंबाजीचे आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र येईपर्यंत इकडे सर्व क्षेम होतं. पत्र आल्यानंतरचं पुढे लिहितो.

पत्र दयारामशेटने दुकानातून हाक मारून दिलं. मी वाडीचं शिंपणं अर्धं टाकलं, रहाटाचा बैल तसाच उभा ठेवला आणि धावत आलो. वाटलं, तीस वर्षांची नोकरी संपली, रेल्वेच्या कारखान्याने पेन्शन दिली, आता पत्रात बोटीची तारीख असणार. तुझ्या वहिनीने, बायजाने, दिवाळीआधीच तुझी खोली सारवून घेतली होती. ओटीवर बसून मोठ्याने वाचायला लागलो. तुझी बायको नेहमीसारखी माजघराच्या दाराआड उभी. तीस वर्षं मनुबाई तुझी पत्रं तिथूनच ऐकते. मोठ्या दिरासमोर ती कधी आली नाही की सरळ एक शब्द बोलली नाही. काही विचारायचं असलं तर बायजाच्या कानात सांगते आणि बायजा मला सांगते.

आणि पत्रात काय, तर तू जुनी मोटार विकत घेतलीस! आता ती घेऊन एकटाच मुलूख बघायला निघणार, मग घरी येणार.

मोरू, तुला अठ्ठावन्न पुरी झाली. या वयात माणूस ओटीवर बसतो, सुपाऱ्या सोलतो, नाही तर देवळात जातो. माणूस घराबाहेर पडतो तो लग्नाला, मयताला, कोर्टाला, बाजाराला. फार झालं तर हरिहरेश्वरला, तेही चार माणसं बरोबर घेऊन. नुसतं बघायला म्हणून कोणी एकटा गेलेला मी आपल्या गावात पाहिला नाही. बघायला म्हणजे काय? काय बघणार? डोंगर इथे नाहीत का? पाणी इथे नाही का? समुद्र तर दाराशी आहे.

मोटार रानात बंद पडली तर कोणाला हाक मारशील? पाणी कुठलं पितोस? भात कोण शिजवतं? तिकडे सिंह मोकळे फिरतात असं तूच पूर्वी लिहिलं होतंस. ते वाक्य मी तेव्हा गाळलं होतं, आता तर सगळंच गाळायची वेळ आली आहे. मोटारीचा मजकूर आला तेव्हा मी खोकलो आणि पान उलटलं. पण दाराआड बांगड्या वाजल्या त्यावरून समजलो, की मनुबाईला कळलं. मी कुठे गाळतो ते तिला नेहमीच कळतं, कारण माझी जीभ अडखळते.

मोटार विक आणि पहिल्या बोटीने ये. बायजाचा आशीर्वाद. रागाने लिहिलं असलं तरी माया आहे म्हणूनच लिहिलं, हे ध्यानात धर.

अंबाजी

॥ श्री ॥

नाकुरू, आफ्रिका, ता. १० डिसेंबर १९३३

ती. दादांचे चरणी बालक मोरूचा शि. सा. नमस्कार. वि. वि. मी खुशाल आहे. सिंहाने अजून खाल्लेलं नाही.

तुमचं पत्र मला नैरोबीहून इथे धाडून मिळालं. वाचून हसलो आणि जरा वाईटही वाटलं. दादा, तुम्ही विचारता बघायला म्हणजे काय. मी तीस वर्षं कारखान्यात इंजिनं दुरुस्त केली. दुरुस्त झालं की इंजिन शिट्टी मारून निघून जायचं, सरोवराकडे, डोंगरापलीकडे. मी मागे उभा, हातात तेलाचं फडकं. ती कुठे जात होती हे मी कधी पाहिलं नाही. नोकरी संपली त्या दिवशी साहेबाने हात मिळवला आणि मला एकदम वाटलं, की हा मुलूख मी पाहिलाच नाही. नागावला गेलो आणि कोणी विचारलं आफ्रिका कशी आहे, तर मी काय सांगणार? बॉयलर कसा असतो ते?

म्हणून निघालो. नैरोबीहून दोन तास चढ आहे. मग रस्ता एकदम संपतो की काय असं वाटतं, कारण समोर जमीनच नसते. खाली इतकं मोठं खोरं, की त्यात आपला सगळा कुलाबा जिल्हा ठेवावा आणि वर जंजिऱ्याला जागा उरावी. मी मोटार उभी केली, चाकांना दगड लावले आणि अर्धा तास बसून राहिलो. कोणी बरोबर असतं तर म्हणालं असतं चल आता.

खाली उतरल्यावर काळ्या चिखलात चाकं रुतली. भालेवाले उंच मसाई गुरं घेऊन चालले होते. ते थांबले, एका पायावर उभे राहून माझी फजिती बघत बसले. खूप हसून झाल्यावर सहा जणांनी मोटार उचलूनच बाहेर ठेवली. त्यांना तंबाखू दिली. आपल्याकडे रहाटाच्या खड्ड्यात बैल पडला होता तेव्हा गाव असंच आधी हसलं होतं.

इथे नाकुरूला एक खारं तळं आहे. सकाळी पाहिलं तर काठ गुलाबी दिसला. वाटलं कोणी गुलाल उधळला. जवळ गेलो तर पक्षी, लांब मानेचे, लाखांनी. एकदम उडाले तेव्हा सगळं आकाश लाल झालं. हे मात्र गाळू नका, वाचून दाखवा.

भात मीच शिजवतो. तुम्ही धाडलेले सोडे अजून पुरतात. गावोगाव गुजराथी दुकानदार आहेत, ते ओटीवर झोपू देतात. काळजी करू नये असं लिहून तुमची काळजी थांबणार नाही, तरी लिहितो. वहिनीस नमस्कार. पायांशी जागा असू द्यावी.

मोरू

॥ श्री ॥

नागाव, ता. ७ जानेवारी १९३४

चि. मोरू यास आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. गुलाबी पक्ष्यांचं वाचून दाखवलं. चिखलाचं गाळलं, मसाईंच्या भाल्यांचंही गाळलं. त्यामुळे पत्र फार लहान झालं आणि बायजाने विचारलं, की एवढ्या दोन पानांत एवढंच कसं.

मनुबाईने बायजाकडून मला विचारलं, की ते पक्षी काय खातात. मी सांगितलं मला काय ठाऊक. मग तिने विचारलं, की तळ्याचं पाणी खारं तर मग भरती-ओहोटी असते का. आता तूच सांग, घरी नवरा येत नाही आणि ही तळ्याची भरती विचारते! तुम्हा दोघांना एकाच मापाने घडवलंय असं मला अलीकडे वाटू लागलं आहे.

गावात काय चाललंय ते ऐक. बाळाजी पाराजवळ बसून सांगतो, की मोरूने तिकडे दुसरं घर केलं असणार, म्हणून तो येत नाही. मी त्याला म्हटलं, की माझा भाऊ खोटं बोलत नाही, तो खरोखरच मोटारीतून पक्षी बघत हिंडतो. तर सगळे हसले. दुसऱ्या घराचंच कबूल केलं असतं तर बरं झालं असतं, त्यात निदान अब्रू होती. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पक्षी बघतो हे मी कोणाला पटवून देऊ?

रात्री मला झोप येत नाही. बोटीचं वेळापत्रक दयारामशेटकडून लिहून घेतलं आहे आणि प्रत्येक बोट चुकली की त्यावर काट मारतो. चार काट झाल्या. शिमग्याला तरी घरी ये. पालखीला खांदा द्यायला आपल्या घरचा एक माणूस कमी पडतो, मला आता खांदा देववत नाही.

तुला काही वाटत नसलं तर दाराआड उभी राहते तिला काय वाटत असेल, एवढं मनात आण. अधिक काय लिहू, लिहायला हात दुखतो. तरी लोभ आहेच.

अंबाजी

॥ श्री ॥

किसुमू, ता. ४ फेब्रुवारी १९३४

ती. दादांचे चरणी मोरूचा शि. सा. नमस्कार. वि. वि. हे पत्र आधी एकट्याने वाचा. वाडीत जाऊन वाचा.

मी आता मोठ्या सरोवराच्या काठी पोचलो. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, होड्या आहेत, पण पाणी गोडं. मनुबाईला सांगा की गुलाबी पक्ष्यांच्या तळ्याला भरती नाही, मी एका दिवशी सकाळी काठी रोवून ठेवली आणि संध्याकाळी जाऊन पाहिली.

इथून पुढे जिंजा म्हणून गाव आहे. तिथे सरोवरातून नाईल नदी निघते. ती पाहिली की माझं पाहणं संपलं. शिमग्याला जमणार नाही. त्यानंतर येतो, शब्द देतो.

आता जे लिहितो ते तुमच्याजवळच ठेवा. रात्री मोटारीत पडल्या पडल्या मी हिशेब केला. लग्न होऊन तीस वर्षं झाली. त्यात सात वेळा मी घरी आलो. सगळे दिवस मिळून वीस महिने होतात. त्यातले पावसाळे, शेजारपाजार, तुमचं आजारपण वजा केलं तर मनुबाई आणि मी एकमेकांशी किती बोललो असू? तिला काय आवडतं मला माहीत नाही. ती भाकरी पातळ करते एवढं आठवतं. सिंहाच्या रानात मोटार घालताना मला भीती वाटत नाही, पण नागावच्या ओटीवर कायमचं चढायचं म्हटलं की वाटते. तीन महिने पाहुणा असणं सोपं असतं. म्हणून एक गाव, मग पुढचं गाव, असं करत मी चाललो आहे. तुम्ही रागावाल, पण मोठे आहात म्हणून तुम्हालाच लिहितो. पदरात घ्या.

मोरू

॥ श्री ॥

नागाव, ता. २ एप्रिल १९३४

चि. मोरू यास आशीर्वाद. तू आहेस म्हणून आशीर्वाद लिहितो. कालपर्यंत तू नव्हतास.

काय झालं ते सगळं लिहितो, मध्ये थांबलो तर पुरं होणार नाही. शुक्रवारी सकाळी मी वाडीत होतो. दयारामशेटचा गाडीवान धर्मा आपल्या कुंपणाच्या बेड्यात एक कार्ड खोचून निघून गेला, कारण शेटला घेऊन त्याला पनवेलला जायचं होतं. बायजा पाणी घेऊन येत होती. तिने पाहिलं तर कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला. मोरू, कोपरा फाडलेलं कार्ड कसलं असतं हे तुला सांगायला नको. मयताचं तसं कार्ड कोणी घरात आणत नाही. तिने घागर तिथेच टाकली आणि हंबरडा फोडला.

मी धावत आलो. कार्ड हातात घेतलं. एका बाजूला कसल्या तरी पाण्याचं चित्र. दुसऱ्या बाजूला वर श्री नाही, अक्षर तुझं नाही, लिपीही आपली नाही, गुजराथी. तिकीट आफ्रिकेचं असायचं तिथेच फाटलेलं. परक्या माणसाने परक्या अक्षरात लिहिलंय, कोपरा फाडून धाडलंय, आणि तू मोटारीत एकटा. याचा दुसरा अर्थ मी काय करायचा होता? गावात गुजराथी वाचणारा एकच, दयाराम, तो पनवेलला. पण वाचायला उरलं होतं काय?

शेजारच्या बायका आल्या. भागुबाईने मनुबाईला धरून बसवलं. तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, गळ्यातलं काढलं. मी ओटीवर होतो, मला फक्त आवाज ऐकू आला. तीन दिवस चूल पेटली नाही, शेजारून जेवण येत होतं. भटजींनी दहावा कधी धरायचा ते पंचांग पाहून सांगितलं. बाळाजी माझ्या गळ्यात पडून रडला, की तुझ्याविषयी वाईट बोललो.

रविवारी संध्याकाळी दयारामशेट परतला. मला उघडाबोडका बसलेला पाहून त्याने विचारलं कोण गेलं. मी म्हटलं, तुम्हीच तर कार्ड धाडलंत. तो म्हणाला, कार्डात तर धबधबा आहे. मग त्याने तिथेच उभ्या उभ्या वाचलं. मोटारीचं हँडल उलटं फिरून मनगटाला लागलं, म्हणून दुकानदाराकडून लिहवतो. इथे मोठी नदी निघते, मासे पाण्याच्या धारेवर उलट्या उड्या मारतात, बघण्यासारखं आहे, मी मजेत आहे. मोरू, मजेत आहे!

कोपरा दयारामने फाडला होता. त्याच्या जावयाला परदेशी तिकिटं जमवायचा नाद. तिकीट सुटेना म्हणून कोपऱ्यासकट काढलं. त्याच्या जातीत तसा कोपरा कोणी पाहत नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला पाहतात, पण कार्ड आम्ही आधी वाचतो. मी त्याच्यावर हात उगारला होता, बायजाने धरलं.

सगळे हसले, रडले. बायजाने लगेच वेणूबाई कासारणीला बोलावलं. मनुबाईपुढे हिरव्या बांगड्या मांडल्या. आणि मनुबाईने हात मागे घेतला. बायजा म्हणाली, अगं आहे तो. तेव्हा मनुबाई उठली, माजघरातून बाहेर आली, ओटीवर माझ्यासमोर उभी राहिली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, की एका कार्डाने बांगड्या फुटल्या, आता दुसऱ्या कार्डाने भरणार नाही. माणूस डोळ्यांनी बघेन, मग भरेन.

याचं उत्तर तू सुचव आणि बोटीत बसून सुचव.

अंबाजी

॥ श्री ॥

नैरोबी, ता. ६ मे १९३४

ती. दादांचे चरणी शि. सा. नमस्कार. पत्र पोचलं. मनगट बरं आहे, त्याचं काही नाही.

मी काय लिहावं? कार्ड माझ्या हातून लिहिलं गेलं असतं तर एवढं झालं नसतं. जिंजाच्या दुकानदाराला मी श्री घाल म्हणून सांगायला हवं होतं. मला मासे दिसत होते, दुसरं काही सुचलं नाही. इकडे पाऊस लागला आहे, रस्ते चिखलात गेले. मोटार नाकुरूच्या पुढे अडकली होती ती कशीबशी आणली आणि विकायला लावली आहे. मोंबासाला जाऊन बोट धरेपर्यंत वेळ लागेल, पण आता निघतो.

माझं ऐका, मनुबाईला बांगड्या भरायला सांगा. मी सांगतो म्हणून सांगा. इथे भारतीय दुकानात चांगल्या काचेच्या मिळतात, हव्या तर पार्सल धाडतो. जिवंत माणसाच्या बायकोने मोकळ्या हातांनी वावरावं हे मला सहन होत नाही. तिचा राग असेल तर तो मी आल्यावर निस्तरेन. तुमच्याशिवाय मला सांगायला कोणी नाही, सांभाळून घ्या.

मोरू

॥ श्री ॥

नागाव, ता. १० जून १९३४

चि. मोरू यास आशीर्वाद. वि. वि. तुझं सांगणं तिला सांगितलं. बायजामार्फत नाही, आता ती माझ्याशी सरळच बोलते, एकदा दार उघडलं ते उघडलंच. तिने उत्तर दिलं, की पार्सल धाडू नये.

तू राग म्हणतोस, पण ती रागावलेली नाही. तेच मला जास्त त्रासाचं आहे. रागावली असती तर समजूत घातली असती. ती पोटभर जेवते, वाडीत सुपारी वेचते, बायजाशी हसते. फक्त हात मोकळे आणि कपाळ मोकळं. गळ्यातले मणी पदराच्या गाठीत बांधून ठेवले आहेत. गावातल्या बायकांना कळत नाही हिला काय समजावं. विधवा म्हणावं तर नवऱ्याची पत्रं येतात. सवाष्ण म्हणावं तर हात असे. हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, लग्नघरी समोर आली की बाजूला होतात. तिचा भाऊ किहीमहून आला, मला चार गोष्टी सुनावून गेला, जसा काही मीच मोटार चालवत होतो. आणि माझ्या मनात दुसरीच धास्ती. तू जिवंत असताना घरात असं अशुभ चाललंय, त्याने तुझ्या जिवाला काही झालं तर? रोज पहाटे देवाला जातो.

बायजाने तिला एकदा जवळ घेऊन विचारलं, की हा हट्ट कशाला. ती जे म्हणाली ते तसंच लिहितो, गाळत नाही. म्हणाली, की तीन दिवस मी रडले. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं, की ज्याच्यासाठी रडते त्याचा चेहराच डोळ्यांसमोर येत नाही. मिशा येतात, कोट येतो, चेहरा येत नाही. ज्याचा चेहरा आठवत नाही त्याच्या नावाने किती वेळा भरायच्या आणि फोडायच्या? आधी चेहरा बघते.

वाडीत बसून वाचलेलं तुझं फेब्रुवारीचं पत्र मला तेव्हा आठवलं. ते मी तिला दाखवलेलं नाही. पण मोरू, तिकडे तू घाबरतोस आणि इकडे ती विसरते, आणि मधल्या मध्ये मी म्हातारा पत्रं वाचतो. मला याचा कंटाळा आला आहे. नारळी पौर्णिमेनंतर इकडच्या आगबोटी सुरू होतात. त्यानंतर मी एकही पत्र आफ्रिकेला टाकणार नाही. हे शेवटचं तिकडचं समज, आणि त्याला माया म्हण की धमकी म्हण.

अंबाजी

॥ श्री ॥

नागाव, ता. २६ सप्टेंबर १९३४

चि. मोरू यास, मुक्काम गिरगाव, रामचंद्राचे घरी, आशीर्वाद. तू सुखरूप उतरलास हे तुझं मुंबईचं कार्ड काल मिळालं. चारी कोपरे मोजून घेतले. चुलतभाऊ रामचंद्र तुझं करतोय म्हणजे जेवणाची काळजी नाही.

पण आता इकडे यायला निघू नकोस. तू म्हणशील दादाला वेड लागलं. आधी ऐक. मी आनंदाने भटजींकडे गेलो, तर ते म्हणाले की ज्याचं सुतक घरात पाळलं गेलं, तो तसाच उंबरा ओलांडून आत येऊ शकत नाही. आधी शांत करावी लागते. आणि शांतीला आत्ता मुहूर्त नाही, कारण परवापासून पितृपक्ष लागला. ज्याचे बांगड्या फोडून दिवस धरले, तो नेमका पितृपक्षात दारात उभा राहिला तर गाव काय म्हणेल? बाळाजीने तर आताच विचारलं, की पान वाढायचं कुठे, आत की बाहेर. तेव्हा आठ ऑक्टोबरपर्यंत तिथेच थांब. तीस वर्षं गेली, पंधरा दिवसांनी काय होतं?

हेच मी घरात सांगितलं. मनुबाईने ऐकून घेतलं. मी समजलो पटलं.

ता. २७, सकाळ. वरचं लिहून ठेवलं आणि आज उठतो तर ती ओटीवर गाठोडं घेऊन उभी. म्हणाली, की उंबरा त्यांना ओलांडता येत नाही ना, मला येतो. धर्माच्या गाडीने रेवसला जाते, तिथून आगबोटीने मुंबई. मी म्हटलं मी बरोबर येतो. नको म्हणाली, तुम्हाला बोट लागते. बायजाला ने म्हटलं. नको. किहीमच्या भावाला बोलावतो म्हटलं. नको म्हणाली, एकटीच जाते. मोरू, ती अलिबागच्या पलीकडे कधी गेलेली नाही! गर्दीत आगबोटीची फळी कशी ओलांडेल? मोकळ्या हातांची एकटी बाई, कोणी काही विचारलं तर काय सांगेल? आणि हे सगळं लिहितोय तोवर गाडी निघूनही गेली.

मी हे पत्र त्याच बोटीच्या टपालात घालायला माणूस पळवतो आहे. पत्र तिच्या आधी पोचेल की नंतर, देव जाणे. तू मात्र उद्यापासून प्रत्येक बोटीला धक्क्यावर जाऊन उभा राहा. आता मी तुम्हा दोघांची काळजी करायची आहे असं दिसतं. पोचल्याचं त्याच दिवशी कळव, नाही तर माझं काही खरं नाही.

अंबाजी

॥ श्री ॥

गिरगाव, मुंबई, ता. २९ सप्टेंबर १९३४

ती. दादांचे चरणी बालक मोरूचा शि. सा. नमस्कार. वि. वि. मनुबाई सुखरूप पोचली. तुमचं पत्र तिच्यानंतर अर्ध्या दिवसाने आलं.

मी धक्क्यावर होतो ते नशीब. रामचंद्राची टोपली रेवसहून येणार होती, ती उतरवून घ्यायला गेलो होतो. समोरून एक बाई येऊन उभी राहिली. मी बाजूला झालो, तिला वाट दिली. ती हलेना. हमाल ओरडत होते, माणसं ढकलत होती, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी. मग म्हणाली, की कान अगदी दादांसारखे आहेत, हे आठवायला पाहिजे होतं. दादा, मला आधी तिचा आवाज ओळखू आला, मग ती. मी टोपली तिथेच विसरलो. रामचंद्र अजून बोलतोय.

काल सकाळी आम्ही भुलेश्वरला गेलो. कासाराच्या दुकानात ती आधी माझ्याकडे वळून एकदा नीट बघून घेऊन मग बसली आणि हात पुढे केला. हिरव्या भरल्या. मणी गाठीतून काढून कासारणीकडूनच ओवून घेतले. कुंकू तिने स्वतः लावलं, मला डबी धरायला सांगितली. त्यानंतर ट्राममधून येताना ती मला तळ्याच्या काठीविषयी, मासे कसे उडतात त्याविषयी विचारत होती. तुम्ही गाळलेलं एकूण एक तिने मला विचारलं. मसाईंचे भालेसुद्धा. कुठून कळलं म्हटलं, तर म्हणाली की दादा जिथे खोकायचे तिथे काहीतरी चांगलं असणार हे ठरलेलं होतं.

आता मुख्य गोष्ट लिहितो. आज जेवण झाल्यावर मी म्हटलं, चल तुला मुंबई दाखवतो. ती म्हणाली तुम्ही बसा, मी एकटी जाऊन येते. ट्राम जिथवर जाते तिथवर जाणार आणि त्याच ट्रामने परत येणार, नुसतं बघायला. मी तिला नंबर सांगितला, खिडकीशी बस पण हात बाहेर काढू नकोस सांगितलं, तिकीट पदरात बांध सांगितलं, धावती ट्राम सोडू नकोस, पाणी कुठलं प्यायचं, रस्ता विचारायचा झाला तर कोणाला विचारायचा, सगळं सांगितलं. माझा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. ती हसली. म्हणाली तीस वर्षं मी बसले, तुम्ही अर्धा दिवस बसा.

तिला जाऊन चार तास झाले. इतक्या वेळात ट्राम तीनदा जाऊन येते, मी गणित केलं. दोनदा कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. रामचंद्र म्हणतो की बाई मोठी आहे, येईल. त्याला काय जातंय? समोरच्या दुकानात दिवे लागले. ट्रामची घंटा वाजली की उठून खिडकीशी जातो, तर दुसरंच कोणी उतरतं. बसवत नाही म्हणून हे पत्र लिहायला घेतलं आणि तेही संपत आलं.

दादा, तुम्ही इतकी वर्षं अशा वेळी काय करत होतात, ते उलट टपाली कळवा. वहिनींच्या आणि तुमच्या पायांशी डोकं ठेवतो.

मोरू